रेग्युलेटरचा होज बदलताना नेमकं काय बघायचं?

पावसाळा सरत आला की मी डायव्हिंगची पेटी माळ्यावरून खाली काढतो. ऑक्टोबरात मालवणचा सीझन सुरू होतो. त्याआधी एक रविवार सगळं सामान गॅलरीत मांडून तपासायचं, हा माझा नेम. रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी देणारं साधन, होज म्हणजे त्याची नळी, आणि ऑक्टोपस म्हणजे सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायचा जादा रेग्युलेटर. दोन वर्षांपूर्वी असंच बसलो होतो. ऑक्टोपसच्या होजवरचं रबरी कव्हर, म्हणजे होज प्रोटेक्टर, मागे सरकवलं आणि हात तिथेच थांबला. नळी धातूच्या कॉलरमध्ये शिरते त्या जागी वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ होती, कॉलरवर हिरवा कळंक चढला होता, आणि नळी जराशी वाकवली तशी केसाएवढी भेग उघडली. मे महिन्यात याच सेटवर मी भाचीला सोबत घेऊन पाण्यात उतरलो होतो. तिची हवा संपली असती तर मी तिच्या हातात याच होजचं टोक दिलं असतं.

होज बदलायचाच होता. पण शोधायला लागलो तेव्हा कळलं की "एक होज द्या" म्हणून भागत नाही. टोकं वेगळी, लांब्या वेगळ्या, आतली अस्तरं वेगळी. विकणारे बहुतेक जण रंगाबद्दल विचारतात. रंगाचा प्रश्न अगदी शेवटचा आहे, आणि तो दोन ओळींत संपतो. बाकीच्या गोष्टींना मात्र वेळ द्यायला हवा.

आधी होज काय काम करतो ते बघू. भरलेल्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. तुलनेसाठी, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. टाकीच्या तोंडावर बसणारी फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणते. हा मधला दाब रबरी नळीतून तुमच्या तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत येतो, आणि तिथे तो श्वास घेण्याजोगा होतो. ही झाली लो प्रेशर नळी. मुख्य रेग्युलेटर, ऑक्टोपस, बीसीडीत (पाण्यात तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा भरणारा इन्फ्लेटर, हे सगळे लो प्रेशरवर चालतात. हाय प्रेशर होज एकच, गेजचा. त्यात टाकीतला सगळा दाब जसाच्या तसा असतो, कारण गेजला तोच मोजायचा असतो.

साहजिकच सगळ्यांना हाय प्रेशर होजची भीती जास्त वाटते. प्रत्यक्षात पाण्याखाली लो प्रेशर होज फुटणं कितीतरी जास्त धोक्याचं आहे. हाय प्रेशर होजचं जे टोक फर्स्ट स्टेजमध्ये बसतं, त्यात मुद्दाम सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं. गेजला हवा वाहून न्यायची नसते, फक्त दाब कळायचा असतो, त्यामुळे एवढं भोक पुरतं. होज फुटला तरी हवा त्या भोकातूनच बाहेर पडणार, म्हणून टाकी रिकामी व्हायला बरीच मिनिटं लागतात. आवाज आणि बुडबुडे छातीत धडकी भरवतात, पण शांतपणे वर यायला वेळ असतो. लो प्रेशर होजला असा अडसर नसतो, कारण तो भरपूर हवा देण्यासाठीच बनवलेला असतो. तो पूर्ण फुटला तर नेहमीची टाकी एक-दीड मिनिटात संपू शकते. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ते लो प्रेशर होजवर वाचवू नका.

भरपूर हवा म्हणजे किती, याचाही अंदाज असू द्या. किनाऱ्यावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस ३० मीटरवर तेवढ्याच श्वासांत टाकीतली ८० लिटर हवा वापरतो, कारण तिथे दाब चौपट असतो. त्यात बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, घाबरलेला, त्याच्या तोंडात तुमचा ऑक्टोपस, आणि तुम्हीही धापा टाकताय, म्हणजे एकाच फर्स्ट स्टेजवर दोघांची ओढ. युरोपातलं ईएन २५० हे मानक रेग्युलेटर तपासताना ५० मीटरच्या दाबाला मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून बघतं, ते याचसाठी. होज घेताना त्यावर ईएन २५० छापलेलं आहे का ते बघा. नसेल तर विकणाऱ्याला कारण विचारा.

आता टोकं. आपण सेंटिमीटरवाले, पण रेग्युलेटरचे आटे जगभर इंचातच आहेत. फर्स्ट स्टेजचं लो प्रेशर छिद्र ३/८ इंच, इंचाला २४ आटे. हाय प्रेशरचं ७/१६ इंच, इंचाला २० आटे. मापं वेगळी आहेत म्हणून लो प्रेशर होज चुकूनही हाय प्रेशर छिद्रात बसत नाही. पूर्वी असं नव्हतं. जुन्या काळच्या कित्येक रेग्युलेटरांना दोन्हीकडे ३/८ चेच आटे असत. एखाद्या काकांचा जपून ठेवलेला सेट किंवा सेकंडहँड जुना माल हातात आला, तर हे सर्वात आधी तपासा, कारण लो प्रेशर होजवर टाकीचा दाब आला तर तो फुटणारच. काही जुन्या मॉडेलांत मुख्य रेग्युलेटरसाठी अर्ध्या इंचाचं मोठं छिद्रही सापडतं. अंदाज नको. होज काढा आणि तोच घेऊन दुकानात जा.

दुसरं टोक सेकंड स्टेजला लागतं. बहुतेक कंपन्यांचा नट ९/१६ इंच, १८ आट्यांचा. पण सगळ्यांचा नाही. पोसायडनसारख्या कंपनीची सेकंड स्टेज असेल तर त्यांचाच होज लागतो. इन्फ्लेटरच्या होजला टोकाला झटकन जोडता-काढता येणारा कपलर असतो. तो बहुतेक बीसीडींना चालतो, पण ज्यांच्या इन्फ्लेटरमध्येच पर्यायी रेग्युलेटर बसवलेला आहे त्यांचा कपलर मोठा असतो. ड्रायसूट वापरणाऱ्यांनी त्याचा कपलर वेगळा तपासावा, आपल्याकडच्या कोमट पाण्यात ती वेळ येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हायड्रॉलिक होज बनवून देणाऱ्या दुकानात "या मापाचा बनवून द्या" म्हणून जाऊ नका. ट्रॅक्टर, जेसीबी, ट्रॉलरचं काम करणारी ही माणसं आपल्या कामात तरबेज असतात, कॉलरही पक्का दाबून देतील, दाबही सहन होईल. पण ती नळी तेलासाठी बनलेली आहे. तिच्या आतल्या रबराचा वास, त्यात राहिलेला तेलाचा अंश, बनवताना उडालेली भुकटी, सगळं दाबाखाली थेट तुमच्या फुप्फुसात जाणार. श्वासाच्या हवेसाठी म्हणून बनवलेलाच होज घ्यायचा.

लांबीकडे येतो. जुना होज मोजून तेवढाच मागवावा, हे बरोबर वाटतं, पण जुना होज तुमच्या मापाचा होता कशावरून? सेटसोबत जो आला तो आपण वापरत राहतो. मी काय केलं ते सांगतो. बीसीडी अंगावर चढवली, रिकामी टाकी लावली, आणि बायकोच्या हातात सुतळी दिली. तिने फर्स्ट स्टेजच्या छिद्रापासून उजव्या खांद्यावरून माझ्या तोंडापर्यंत सुतळी आणली. मग मी मान डावीकडे पूर्ण वळवली, वर बघितलं, खाली गेजकडे बघितलं. डावीकडे वळताना सुतळी ताणली जाते, तिथे लागेल तेवढी ढील दिली आणि गाठ मारली. माझं माप जुन्या होजपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त निघालं. इतकी वर्षं दुसऱ्या डाइव्हनंतर जबडा दुखायचा, त्याचा दोष मी माउथपीसला देत होतो!

बाजारात मुख्य रेग्युलेटरचा होज साधारण ७० ते ७५ सेंटिमीटरचा, ऑक्टोपसचा ९० ते १०० सेंटिमीटरचा मिळतो. अंगाने लहानखुऱ्या माणसाला ७५ सेंटिमीटरचा होज कानाजवळ कमानीसारखा बाहेर येतो. प्रवाहात ती कमान पाणी पकडते आणि रेग्युलेटर तोंडातून एका बाजूला ओढला जातो. बोटीची शिडी चढताना अडकतो तोही हाच वळसा. उलट ऑक्टोपस आखूड घेण्याचा मोह टाळा. बडीला तो तोंडात धरून तुमच्या समोर, हाताच्या अंतरावर सरळ राहता आलं पाहिजे. घाबरलेला माणूस आखूड होजवर तुमच्या छातीला चिकटतो, मग दोघांनाही हालचाल करता येत नाही.

काही जण दोन मीटरहून लांब होज छातीवरून फिरवून मानेमागून तोंडात घेतात, आणि छोटा बॅकअप रेग्युलेटर इलॅस्टिकच्या दोरीने गळ्यात अडकवतात. ही पद्धत फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्यांची. बिल हॉगार्थ मेन यांच्या नावावरून तिला हॉगार्थियन म्हणतात. अरुंद बोगद्यातून दोघांना एकामागोमाग एक बाहेर पडावं लागतं, म्हणून एवढी लांबी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तिची गरज नाही. पण ज्यांनी रीतसर शिकून घेतली आहे त्यांना ती इथेही सोयीची वाटते. दीड मीटरचा होज काखेखालून घेणं हा मधला मार्ग. निव्वळ फोटो बघून लांब होज मागवू नका, आधी कोणाकडून तरी तो वापरायला शिका.

गेजच्या होजबद्दल एवढंच, की तो आखूड चालतो. लोंबकळणारं गेज प्रवाळावर आपटतं, आणि ते प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

आता सर्वात महत्त्वाचा भाग, जो डोळ्यांना दिसत नाही. होज दोन प्रकारचे मिळतात: जुना काळा रबरी, आणि वरून विणलेलं नायलॉन असलेला, ज्याला सगळे ब्रेडेड म्हणतात. ब्रेडेड हातात घेतला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. हलका, मऊ, पिशवीत छोटी गुंडाळी होते, जबड्यावर ओढ येत नाही. रबरी होज त्याच्यापुढे राठ वाटतो. पण ब्रेडेड होजमध्ये हवा ज्यातून जाते ते आतलं अस्तर रबराचं नसतं, पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचं असतं. त्याचेही दोन प्रकार आहेत, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. नावं सारखी वाटतात, वागणूक फार वेगळी.

पॉलिएस्टर प्रकाराला दमट उष्णता सोसत नाही. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते. तुटलेले तुकडे स्फटिकांसारखे कण होऊन होजच्या आतल्या बाजूला जमतात. वाट अरुंद होत जाते, आणि कधी कण सुटून सेकंड स्टेजमध्ये जातात. वरचं नायलॉन मात्र नव्यासारखं चमकत राहतं. डाइव्हरला एवढंच जाणवतं की श्वास जरा जड येतोय. त्याला वाटतं आपण दमलोय. उष्ण कटिबंधातून असे होज सापडल्यावर डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने याबद्दल सावध केलं आहे. आणि आपलं काय? जून ते सप्टेंबर सामान बंद पेटीत, कोकणातली दमट हवा, वर तापणारा पत्रा किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी. असं अस्तर कुजवायचंच ठरवलं असतं तरी यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

म्हणून ब्रेडेड घ्यायचा असेल तर एकच प्रश्न विचारा: आतलं अस्तर पॉलिइथरचं आहे का? उत्तर लेखी किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळालं तर जरूर घ्या. "सगळे सारखेच असतात" असं उत्तर आलं तर रबरी घ्या. मी रबरी घेतला. रबरी होज म्हातारा झाला की चेहऱ्यावर दाखवतो: भेगा पडतात, कडक होतो, फुगवटा येतो. आपल्या हवामानात मला हा प्रामाणिकपणा हलकेपणापेक्षा मोलाचा वाटतो. ज्यांना विमानाने अंदमानला जायचंय आणि प्रत्येक किलो मोजायचाय, त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो.

कॉलरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, ती वाचा. कपाटात चार वर्षं पडलेला होज वेष्टनात नवाकोरा दिसतो, पण त्याचं वय सुरू झालेलं असतं. वरून कसाही दिसो, पाच वर्षांनी होज बदलायचा, असा नियम मी घरच्या सगळ्या सेटना लावला आहे.

रंग: ऑक्टोपसला पिवळा घ्या, म्हणजे बडीला चटकन दिसतो. बाकीचे कोणत्याही रंगाचे चालतील. कोन देणारे सांधे आणि फिरते जोड गरज असेल तरच, कारण प्रत्येक जोड म्हणजे हवा गळायची आणखी एक जागा.

होज खरंच बदलायला हवा का, हे ओळखायची घरगुती रीत सोपी आहे. सेट टाकीला लावा, हवा सुरू करा, आणि मोठ्या टबात फर्स्ट स्टेजसकट सगळं बुडवा. दोन मिनिटं थांबा, पाणी स्थिर होऊ द्या. बुडबुडे जोडातून येत असतील तर बहुधा ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) गेली आहे, ती काही रुपयांची. गेज जिथे फिरतं तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघत असेल तर आतल्या छोट्या दांडीवरच्या दोन इवल्या ओ-रिंग बदलायच्या, होज ठीक आहे. पण नळीच्या अंगातून, मधूनच कुठून तरी सोडा वॉटरसारखे बारीक बुडबुडे फुटत असतील तर आतलं अस्तर गळतंय. रबरी होजच्या वरच्या थरात मुद्दाम बारीक छिद्रं ठेवलेली असतात, आत गळालेली हवा त्यांतून बाहेर येते आणि नळी फुगत नाही. असे बुडबुडे दिसले की होज बाद. "थोडंच गळतंय, एवढा सीझन काढू" असं कृपा करून करू नका.

बसवण्याचं काम सर्व्हिस करणाऱ्याकडून करून घेतलंत तर उत्तम. स्वतः करणार असाल तर पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या शेजारी बसून करा. टाकी बंद, सेकंड स्टेजवरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबून नळ्यांतली सगळी हवा मोकळी, मगच पाना लावायचा. फर्स्ट स्टेजच्या लो प्रेशर टोकाला १४ चा पाना साधारण बसतो, हाय प्रेशरला १६ चा. ढिला बसणारा पाना लावून कोपरे घासू नका. सेकंड स्टेजकडे मात्र दोन पाने लागतात. एकाने सेकंड स्टेजचं तोंड धरून ठेवायचं, दुसऱ्याने होजचा नट फिरवायचा. एकच पाना लावून जोर केला तर होजसोबत ते तोंडही फिरतं, आतली बारीक जुळणी बिघडते, आणि मग रेग्युलेटर आपोआप हवा सोडू लागतो किंवा श्वास जड होतो.

नवी ओ-रिंग, तिच्यावर नखाच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन वापरणाऱ्यांना सिलिकॉन ग्रीस चालत नाही, त्यांचं ग्रीस वेगळं. आटे हाताने शेवटपर्यंत गेले पाहिजेत. हाताने अडत असतील तर आटे चुकलेत, उलटे काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने थोडंसं आवळायचं, ४ ते ५ न्यूटन मीटर, म्हणजे दोन बोटांचा जोर. हवा अडवण्याचं काम ओ-रिंग करते, आवळलेला नट नाही. जोर लावून पिळलेला नट पुढच्या वेळी निघताना फर्स्ट स्टेजचे आटे सोबत घेऊन येतो.

मग टाकी बंद ठेवून रेग्युलेटरमधून श्वास ओढून बघा. काहीच आलं नाही पाहिजे. आलं तर कुठून तरी बाहेरची हवा आत शिरतेय, आणि पाण्याखाली तिथून पाणी शिरेल. त्यानंतर गेजचा चेहरा स्वतःपासून आणि इतरांपासून वळवून टाकी सावकाश उघडा, आणि पुन्हा टबात बुडवून दोन मिनिटं थांबा.

होज प्रोटेक्टर नव्या होजवर मी लावले नाहीत. नळी कॉलरजवळ कडक वाकू नये म्हणून ते असतात, हे खरं. पण त्यांच्या आत खारं पाणी साचतं आणि भेग झाकली जाते. ज्यांनी लावलेत त्यांनी दर डाइव्हनंतर ते मागे सरकवून गोड्या पाण्याने आत धुवावं.

भाचीच्या वाट्याला येणार होता तो जुना होज मी करवतीने मधोमध कापला. फेकायचा होज नेहमी कापूनच टाका. अख्खा टाकलेला होज कोणीतरी उचलतं, पुसतं, आणि तो पुन्हा कोणाच्या तरी टाकीला लागतो.